डोमाचा धोंडा

बसा जी, सावलीत बसा. पण गडेहो, आधी या धोंड्याले एक ढकला मारून पाहा. शहरातून येणारा हरेक जण मारतेच, म्हणून पहिलेच सांगून टाकलं. झालं? आता खांदा चोळत ऐका.

हा धोंडा असा उताराच्या मधातच काहून पडला, हेच विचारतेत सारे. वर टेकडीवर म्हणे लई जुन्या काळी मेलेल्याईची दगडाची घरं होती. आमच्यासारखी मातीची घरं जित्याईले, आन् दगडाची मेलेल्याईले. तेबी साऱ्याईले नाई. मुख्याच्या घरच्याईलेच.

तवाचा मुख्या लिंगू. त्याची माय मेली. बाजूच्या गावच्या मुख्यानं बापावर मोठा दगड ठेवला होता, म्हणून यानं शब्द देल्ला, माह्या मायचा दगड त्याच्याहून हातभर मोठा राहीन. खडकात भोकं पाडून त्यात सुक्या लाकडाच्या खुंट्या ठोकल्या, वरून पाणी ओतत राह्यले. लाकूड फुगलं आन् खडक फाटला. वर चार दगडी भिंती उभ्या केल्या, आत मायले ठेवून माती भरली, का वरचा दगड चढवताना भिंती पडू नये. मंग छताचा हा दगड निघाला. चाळीस गडी अंबाडीच्या दोराले, आन् दगडाखाली ओंडके. मागचा ओंडका मोकळा झाला का उचलून पुढं सारायचा. ते काम डोमाचं. अंगानं काडी होता, दोर वढाले कामाचा नाई, म्हणून.

इथंच, या जागी, ओंडका सारता सारता दगडाचं तोंड खाली बसलं. डोमाचे दोनी पाय त्याखाली.

दगड पुढं वढला तर अंगावरून जाते. हातभर मागं सोडला तर पाय मोकळे. त्याले जोरबी लागत नव्हता जी, दोर सैल सोडाचा होता.

डोमाची बायको सुकमी धावत आली. दोराच्या पहिल्या जागी तिचाच भाऊ होता, पैकू.

"दादा, हातभर. हातभरच मागं घे."

पैकूनं मुख्याकडं पाह्यलं. मुख्या म्हणे, "मेलेल्याच्या नावानं निघालेला दगड मागं येत नाई. आला तर घरातलं आणखी एक माणूस नेते."

"आन् हा कोणाच्या घरातला हाय?" सुकमीनं विचारलं.

डोमाच बोलला म्हणे, खालून. "साळेबुवा, दोर नीट धरा. मुख्याच्या मायले सांगा, तिच्या छताखाली आधी मी झोपलो."

दोघं-चौघं हासलेबी. पण दोर नाई सोडला. चाळीस गडी, दुपारपासून, तळव्याची साल निघेवरी, दोर ताणून उभे राह्यले. काहून, तर दगड मागं सरू नये. सुकमी एकाएकाच्या पाया पडली. भावाच्या दोनदा पडली.

सांजच्याले डोमा गेला. मुख्या म्हणे, "वढा आता."

सुकमी रडली नाई असं सांगतेत. दगडावर हात ठेवला आन् म्हणे, "मागं नाई आला ना? मंग आता पुढंबी जाऊ नोको."

चाळिसाईनं वढला. दोर तुटले. दुसऱ्या दिवशी रेडे जुंपले, ते गुडघ्यावर आले. दगड तीळभर हालला नाई. मुख्याची माय वर तशीच राह्यली, बिनछताची. पावसानं आतली माती वाहून गेली, कोल्ह्याईनं बाकीचं नेलं. चार गावात सर्वात मोठा दगड भेटला तो डोमाले. ज्याच्या घरावर धड कवेलू नव्हते.

वरचं आता काही शोधू नका. माह्या देखत सडकेवाल्याईनं साऱ्या भिंती फोडून खडी केली. यालेबी मशीन लावलं होतं, साखळी तुटली. तुमीबी तर पाह्यलं ढकलून.

आजही आमच्या गावात तिरडी उचलली का खांदेकरी आधी एक पाऊल मागं येतेत, मंगच मसणाकडं निघतेत. बाजूच्या गावचे हासतेत, म्हणतेत याईले रस्ता ठाऊक नाई. पण कोणी चुकत नाई जी. माह्या म्हाताऱ्याच्या वक्तीबी चौघं बरोबर मागं आले.

मेलेल्यासाठी मागं येतेत. डोमा त्या दिवशी सांजवरी जिता होता.