दातांतले गवत

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचे नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. तिथे एक म्हातारे वस्ताद तरुण नाइकांना युद्ध शिकवीत. पुढे तुकड्या सांभाळायच्या त्या याच पोरांनी. तलवार, भाला, घोडदौड झाली, की शेवटचा धडा असे गवताचा. शस्त्र खाली ठेवायचे, दातांत गवताची काडी धरायची आणि सोबत्याच्या भाल्यासमोर गुडघे टेकून बसायचे. दाती तृण धरून शरण आलेल्याला मारायचे नाही, हा तेव्हाचा नियम होता.

एका नाइकाला या धड्याचे भारी हसू येई. लढाई शिकायला आलो आणि इथे शेळीसारखे गवत चघळतोय, असे तो सांगत फिरे. वस्तादांच्या कानावर ते गेले. त्यांनी त्याला काडीसकट भर उन्हात बसवले आणि बऱ्याच वेळाने विचारले, कसे वाटते?

तोंडात गवत. बोलणार काय बिचारा?

"शरण आलेल्याला बोलता येत नाही," वस्ताद म्हणाले. "त्याच्या वतीने बोलायला तिथं एकच माणूस असतो. त्या तुकडीचा नाईक."

नाईक ओशाळला, पण धडा काही त्याला पटला नाही.

पुढे युद्ध पेटले. त्याच्या तुकडीने एका डोंगरी किल्ल्याला वेढा घातला आणि कित्येक आठवड्यांनी झालेल्या पहिल्याच चकमकीत त्याचा धाकटा भाऊ कामी आला. भावाला अग्नी देऊन तो परतला, तोच किल्ल्यावरून शत्रूचा एक शिपाई उतरून आला. हात रिकामे, दातांत गवत.

भाले उचलले गेले. उट्टे काढायची हीच वेळ, असे जो तो नाइकाला सांगू लागला. त्याचाही हात तलवारीवर गेला होता. खोटे कशाला सांगू, त्याला त्या शिपायाचा जीव घ्यायचाच होता. पण त्या माणसाचे ओठ थरथरत होते आणि शब्द फुटत नव्हता. नाइकाला उन्हातला आपला कोरडा घसा आठवला.

तो भाल्यांच्या आड येऊन उभा राहिला.

"हा शरण आलाय. याला हात लावायचा नाही. पाणी आणा." बोलताना तो रडत होता.

तटावरून सारा किल्ला हे पाहत होता. आत अन्नाचा कण उरला नव्हता. खाली गेलो तर कापले जाऊ, या धास्तीने दार तेवढे बंद होते. दिवस मावळायच्या आत ते उघडले. माणसे गवत धरून बाहेर आली आणि दोन्हीकडच्या कितीतरी आयांची पोरे घरी परतली.

शस्त्र टाकलेल्याला जो जपतो, त्याच्यापुढे शस्त्र टाकायला शत्रूही भीत नाही.