मोहाखालचं अस्वल

फार वर्षांपूर्वी एका रानात दगडू नावाचं अस्वल होतं. ते ऊन डोक्यावर आल्यावर उठायचं आणि मोहाच्या झाडाशी भांडायला जायचं.

"सगळी फुलं हरणांना देतोस. मला एकही नाही?"

"मी पहाटेच टाकतो, बाबा. तू घोरत असतोस," मोह म्हणायचा.

शेवटी दगडू रागारागाने झाडाखालीच झोपलं. पहाटे नाकावर टपटप फुलं पडली, तसं ते चिडून उठलं आणि पोट टम्म होईपर्यंत खातच राहिलं. मग रोज ते हरणांच्याही आधी उठू लागलं.

बहर संपला, तरी दगडू पहाटे हजर.

"अरे, फुलं संपली," मोह म्हणाला.

"ठाऊक आहे. तू जरा गप्प बस. दयाळ पक्षी गातोय, ते ऐकू दे."