शंभरातले शहाण्णव

"...मग यांना यादीत ठेवायचंच कशाला, सर?"

मकरंद शेणोलीकरने हे विचारलं तेव्हा उत्तर त्याने आधीच ठरवून टाकलं होतं. विचारायचं म्हणून विचारलं, एवढंच. हृदयाच्या ठोक्यांचे विकार शिकायला आलेला हा तरुण डॉक्टर हुशार होता, आणि हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नव्हतं.

समोर डॉ. हमीद तांबोळी बसले होते. मिरजेत या माणसाची निम्मी हयात लोकांचे ठोके ऐकण्यात गेली होती. त्यामुळे असेल, बोलण्याची त्यांना घाई नसे.

मकरंदचा मुद्दा सरळ होता. ठोके बिघडलेल्या माणसाचं आयुष्य कसं चाललंय, हे मोजायला त्याने मराठीत एक प्रश्नावली बांधली होती. झोपेत त्रास किती, घरकामात किती, बाहेर जाताना किती... असं विचारत जायचं आणि शेवटी शंभरातले गुण काढायचे; त्रास जितका कमी, तितके गुण जास्त. वर्षभर राबला होता बिचारा. काम खरोखरच नेटकं होतं, आणि सरांनी ते चारचौघांत वाखाणलंही होतं.

ज्याचे गुण कमी, त्याचा नंबर आधी लागायचा. मांडीच्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत न्यायची आणि गडबड करणारी जागा जाळून टाकायची. ज्याचे गुण भरपूर, त्याने गोळ्या घेऊन घरी जायचं.

शिरोळकडच्या अक्काताई चौगुल्यांना शहाण्णव पडले होते. मकरंदने त्यांच्या नावावर काट मारली होती. फक्त सरांची मान हलायची बाकी होती.

"ईसीजीची पट्टी वाईट आहे," सर म्हणाले.

"पट्टी वाईट आहे, पण बाई मजेत आहेत. मी स्वतः समोर बसून विचारलंय, सर. एकदाही त्रास म्हणाल्या नाहीत."

"बोलाव त्यांना."

अक्काताई आल्या. साठीच्या, काटक, डोक्यावरचा पदर नीट. खुर्चीच्या कडेला टेकल्या आणि दोघांकडे पाहून हसल्या. मकरंदने सरांकडे एक नजर टाकली. बघा, मी म्हणत नव्हतो?

सरांनी प्रश्नावलीला हातही लावला नाही. त्यांनी चहा मागवला.

ही सरांची जुनी खोड होती. समोरच्या रोग्याला चहा पाजल्याशिवाय ते मोठा निर्णय घेत नसत. बाहेर गर्दी ताटकळायची आणि नर्सबाई कपाळाला हात लावायच्या. मकरंदलाही हे सगळं वेळ घालवणं वाटे, पण बोलणार कोण?

कप आला. अक्काताईंनी तो दोन्ही हातांनी घेतला, मानाने घेतात तसा. मग हळूच टेबलावर ठेवला आणि बशी थोडी पुढे सरकवली.

सर कपाकडे बघत राहिले.

मकरंद त्यांच्या कानाशी वाकला. "काशीला जाऊन चहा सोडला असेल, सर. आमच्या आजीने तिथे वांगं सोडलं होतं, कायमचं." आपल्या माणसांच्या चालीरीती आपल्याला ठाऊक आहेत, याचा त्याला मनातून अभिमान वाटला.

सरांनी त्याचं म्हणणं अगदी गंभीरपणे घेतलं.

"अक्का, काशीला कधी जाऊन आलात?"

"काशी?" अक्काताईंना गंमत वाटली. "आमी कुठली जातुय सायेब काशीला."

"मग चहा कुठे सोडलात?"

"घरीच सोडला की. च्या घेतला की छातीत फडफडतंय."

"बरं. आणखी काय काय सोडलंत?"

अक्काताईंनी पदर सारखा केला. आजवर कुणी हे विचारलंच नव्हतं, त्यामुळे सुरुवात कुठून करावी हे त्यांना कळेना. मग हळूहळू निघत गेलं. एसटीत एकदा ठोके सुटले होते, म्हणून एसटी सोडली. एसटी सोडली, म्हणून धाकट्या बहिणीचं गाव सुटलं. डाव्या कुशीवर झोपणं गेलं. लेक विहिरीवर जाऊ देत नाही.

"आणि भजन?" सरांनी विचारलं. गळ्यातली तुळशीची माळ त्यांनी आल्या आल्याच पाहिली होती.

अक्काताईंचा आवाज खाली आला.

"म्होरं बसून मीच म्हणत हुते. आवाज चढवला की काळीज गडबडायचं, मधीच बसायला लागायचं. बायका भ्यायच्या. त्यास्नी कशाला तरास? ...सोडलं त्ये बी."

मकरंदला राहवलं नाही. कागद पुढे धरून तो म्हणाला, "पण बाहेर जाताना त्रास होत नाही, असं तुम्हीच सांगितलंत ना मला?"

"जातच न्हाई तर तरास कसा हुईल, डाक्टर?"

त्या भांडायला म्हणाल्या नव्हत्या. पोराची समजूत घालावी तशा मायेने म्हणाल्या, आणि तेच मकरंदला जास्त लागलं. त्याचा चेहरा उतरला. वर्षभर ज्या आकड्यांना जीव लावला होता, ते त्याला नकोसे झाले. त्याने अक्काताईंचा कागद चुरगळायला घेतला.

सरांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"फाडू नकोस. आकडा खरा आहे."

"खरा कसा, सर? यांचं सगळं..."

"त्रास नाहीच त्यांना. तू विचारलंस, त्यांनी सांगितलं. आता त्या आकड्यात न दिसलेल्या बाईंना शोध."

त्यांनी यादी आपल्याकडे ओढली नाही. दुरुस्तीही केली नाही. फक्त आपलं पेन टेबलावरून त्याच्याकडे सरकवलं. या माणसाने आपल्याला अक्काताईंसमोर लहान केलं नाही, हे मकरंदच्या ध्यानात आलं आणि त्याला गलबलून आलं. असा गुरू मिळायला भाग्य लागतं, असं त्याला त्या क्षणी अगदी स्पष्ट वाटलं. त्याने काट मारलेलं नाव पुन्हा लिहिलं. सगळ्यात वर.

मग तो खुर्ची ओढून अक्काताईंच्या शेजारी बसला आणि तार कशी घालतात, धोका किती, घरी कधी जाता येईल, हे सगळं त्यांना सावकाश समजावून सांगितलं. अक्काताईंनी लक्ष देऊन ऐकलं. भीतीही बोलून दाखवली. शेवटी तयार झाल्या.

उठता उठता त्या सरांकडे वळल्या. आपल्याकडे दवाखान्यातून निघताना प्रत्येक जण जे विचारतो, तेच त्यांनी विचारलं.

"आणि नंतर पथ्य काय पाळू, सायेब? आता काय सोडायचं?"

सरांनी गार झालेला कप बाजूला केला.

"काशीला जाऊन या, अक्का. तिथे एकच गोष्ट सोडावी लागते."