लाल मुद्रेचा परवाना

एका बंदराच्या गावी एकदा एक वृद्ध विमातज्ज्ञ राहत असे. विमा विकणाऱ्यांना परवाने देणारी एक सभा तेथे होती; तिने परवान्यांचे दोन वर्ग ठरवून दिले होते. लाल मुद्रेचा परवाना असणारा हा पेढीचा माणूस. तो एकाच पेढीचा विमा विकी आणि तिच्याच वतीने बोले. पांढऱ्या मुद्रेचा परवाना असणारा हा गिऱ्हाइकाचा माणूस. चार पेढ्या पारखून योग्य तो विमा निवडून देणे आणि नुकसान झाल्यास गिऱ्हाइकासाठी भांडणे, हे त्याचे काम.

वृद्धाच्या शिष्याकडे लाल मुद्रा होती. पांढरी मिळावी म्हणून तो वर्षभर वृद्धाकडे शिकत होता. जिभेवर साखर घोळवून समोरच्याला पटवण्याची हातोटी त्याला उपजतच होती, आणि तिचा त्याला भारी अभिमान होता.

खाडीकाठी हिरूबाई नावाची बाई काथ्याचे दोर वळून पोट भरी. शिष्याने तिला आगीचा विमा विकला, तेव्हा तिने एकच गोष्ट विचारली होती : अंगणात वाळत घातलेला काथ्या यात धरला आहे ना?

"धरलाच की, मावशी! मी तुमचाच माणूस. निर्धास्त अंगठा करा," शिष्य म्हणाला.

कागदावर मात्र 'छपराखालील माल' एवढेच होते. भिजवलेला काथ्या उन्हात वाळवावा लागतो, छपराखाली ठेवला तर कुजतो, हे त्या किनाऱ्यावरचे शेंबडे पोरही सांगेल. शिष्यालाही ते ठाऊक होते. पण खरे सांगितले असते तर विमा विकला गेला नसता!

वैशाखातल्या एका दुपारी शेजारच्या चुन्याच्या भट्टीतून ठिणगी उडाली आणि अंगणातला सगळा काथ्या जळून गेला. पेढीने कागद दाखवून हात वर केले. हिरूबाईने शिष्याला भर बाजारात गाठले.

"माका वाचूक येता काय रे? तुझ्या शब्दार अंगठो केलंय मी!" ती ओरडली. शिष्याने मान फिरवली आणि तो चालू लागला.

त्याच संध्याकाळी त्याने ही हकिकत वृद्धाला हसत हसत सांगितली. "नियम म्हणजे नियम. बाईने कोणाकडून तरी वाचून घ्यायला हवे होते," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "उद्या सभेपुढे माझा अर्ज आहे. आपण माझ्या बाजूने बोलाल ना?"

"काळजी कसली करतोस? मी तुझाच माणूस," वृद्ध म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वृद्ध सभेत उभा राहिला आणि हिरूबाईची हकिकत पहिल्यापासून सांगून म्हणाला, "हा मनुष्य पांढऱ्या मुद्रेला अपात्र आहे." अर्ज तिथल्या तिथे फेटाळला गेला.

शिष्याच्या अंगाचा तिळपापड झाला. बाहेर येताच तो गरजला, "हा विश्वासघात आहे! माझ्या बाजूचे म्हणून मी तुम्हाला सगळे सांगितले!"

"मी बारा वर्षे या सभेचा परीक्षक आहे. सभेच्या दारावरच्या फलकावर माझे नाव आहे. तू वाचले नाहीस."

"वाचायचे कशाला? तुम्ही शब्द दिला होता!"

"दिला होता. मी खोटे बोललो, आणि त्याची लाज मला रात्रभर वाटली," वृद्ध म्हणाला. "तुला एक रात्र तरी वाटली का? अरे, पेढीचा माणूस असण्यात कमीपणा नाही. पेढीचा असून गिऱ्हाइकाचा म्हणवणे, ही चोरी आहे! परवान्यांचे वर्ग तुमच्या छातीवर मिरवायला केलेले नाहीत. समोर बसलेला कोणासाठी बोलतो आहे, हे अडाण्यालाही कळावे म्हणून केले आहेत. आणि लाल मुद्रेवाल्याचा शब्द पेढीला पाळावा लागतो, हेही मीच तुला शिकवले. पेढीने हिरूबाईला झिडकारले, कारण तू काय बोललास हे पेढीला कोणी सांगितलेच नाही."

ते पेढीला सांगितले तर हातची लाल मुद्राही जाणार, हे शिष्याला स्वच्छ दिसत होते. त्याला वृद्धाचा संताप आला होता आणि त्याहून जास्त स्वतःचा.

शेवटी तो खाडीकाठी गेला. राखेत बसलेल्या हिरूबाईला घेऊन पेढीवर आला आणि मुनीमजींना म्हणाला, "उघड्यावरचा काथ्या धरला आहे, असे मी यांना पेढीच्या वतीने सांगितले होते."

"हे लिहून दिलेस तर परवाना रद्द होईल," मुनीमजी म्हणाले.

"कागद द्या," शिष्य म्हणाला, आणि उभ्या उभ्या लिहून त्याने खाली सही केली. पेढीला भरपाई द्यावी लागली.

विमा विकायला आलेल्याला आपण आधी पाणी विचारतो, ते विचारावेच. पण लगेच त्याचा परवाना कोणत्या वर्गाचा आहे आणि तो कोणाच्या वतीने बोलतो आहे, हेही विचारावे. आणि या प्रश्नाचा ज्याला राग येईल, त्याला दारातूनच नमस्कार करावा.