पावलीची रिकामी जागा

"मग, याचं मोल काय?" नाण्यांचा पुठ्ठा पुढे सरकवत अण्णांनी विचारलं.

"नगण्य," मुकुंद म्हणाला. "पुठ्ठा घरी कापलेला, टांकसाळीचा शिक्का नाही. कुणा हौशी माणसानं एका सालची कोरी नाणी बसवली आहेत. आणि पाच भोकांत नाणी चारच! पावलीची जागा रिकामी. खाजगी सेट, तोही अपुरा."

मिरजेच्या अण्णा हुपरीकरांकडे मुकुंद तेरदाळकर तीन वर्षं नाणी पारखायला शिकत होता. अण्णांची रीत सरळ होती. ज्या दिवशी ते आपलं भिंग हाती देतील, त्या दिवसापासून शिष्यानं स्वतंत्रपणे मोल सांगावं. त्याआधी नाही. आज ते भिंग चौरंगावर होतं आणि मुकुंदची नजर सेटपेक्षा त्याच्यावरच जास्त होती. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

"चार नाणी पाहिलीस?"

"पाहिली. निर्दोष आहेत. रुपयावर बोटाचा डागसुद्धा नाही." हे मात्र त्यानं मनापासून सांगितलं. अशी झळाळी त्याला क्वचितच दिसली होती.

"कुणी केला हा सेट?"

"नाव नाही. कोण सांगणार?"



मुकुंदला एकदम सुचलं. आपला संग्रह तो सदा पिशवीत घेऊन हिंडे. त्यातून त्यानं त्याच सालची पावली काढली. टांकसाळीची जुनी, न उघडलेली थैली मिळाली तेव्हा त्यानं स्वतः निवडलेली. कुणाच्या हाती न फिरलेली.

"अण्णा, ही बसवू? सेट पुरा होईल. मग मोल दसपट."

"बसव की," अण्णा म्हणाले. "पण आधी पुठ्ठा उलटा करून बघ."

त्यानं पुठ्ठा उलटला. रिकाम्या भोकाच्या मागे, पेन्सिलीनं, बारीक अक्षरांत लिहिलं होतं:

'पावली. चारशे बारा पाहिल्या. नाही.'

मुकुंदनं ते दोनदा वाचलं.

"सोलापूरच्या जुन्या बाजारात मिळाला मला हा," अण्णा म्हणाले. "हे लिहिणाऱ्याचं तोंड मी पाहिलं नाही. पण गुरुपौर्णिमेला फूल वाहतो, ते या पुठ्ठ्याला."

मुकुंदच्या चिमटीत पावली तशीच होती. इतकी वर्षं ती त्याला निर्दोष वाटत आली होती. त्यानं अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी भिंग त्याच्याकडे सरकवलं.

त्यानं पावली कडेनं धरली, खिडकीच्या उजेडात हळूहळू फिरवली. एकदा. दोनदा...

तिसऱ्या फेरीला कडेजवळ दिसलं. केसाएवढा ओरखडा. थैलीत शेजारच्या नाण्यानं दिलेला.

दुसऱ्या कुणाला तो दिसला नसता. अण्णांचे डोळे हल्ली पार अधू झाले होते. त्यांनाही दिसला नसता.

मुकुंदनं पावली पुन्हा पिशवीत ठेवली. रिकाम्या भोकावर कापड अलगद फिरवलं आणि सेट दोन्ही हातांनी चौरंगावर ठेवला. भिंगही त्यानं परत पुढे केलं.

अण्णांनी ते घेतलं नाही.

"अण्णा... याचं मोल कसं सांगू?"

"पावलीच्या रिकाम्या जागेपासून सुरुवात कर."