चौथा गडी निवृत्ती

एका गावात एक भोळा निवृत्ती होता. गावाचं नाव शेवरी. वय तिशीला टेकलेलं, अंगाने उंचापुरा, मनाने धुतल्या तांदळासारखा. सांगितलेलं कधी विसरायचा नाही. अडचण एवढीच, की आज सांगितलेलं तो उद्या करायचा. आणि उद्या काम दुसरंच असायचं.

त्यामुळे त्याला कुठल्या संघात कधी कोणी घेतलं नव्हतं. कबड्डीला गेला तर पोरं त्याला चपला सांभाळायला बसवायची. भजनाला गेला तर सतरंजी झटकायला लावायची. त्याची आई काशीबाई म्हणायची, "एकदा तरी माझ्या लेकाला कोणी खेळात घेऊ दे रे देवा."

देवाने ऐकलं. त्या वर्षी उरुसात मोबाइलवरच्या गेमची स्पर्धा ठरली. चौघांचा एक संघ, शाळेच्या मैदानावर मोठा पडदा, जिंकेल त्याला पितळी ढाल. शेवरीत तीन खेळाडू होते. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा शकील, डेअरीत दूध मोजून घेणारा रंगनाथ, आणि कॉलेजात जाणारी वैजू. तिघांत तीच खरी तरबेज. त्यांचा चौथा गडी चाकणला कंपनीत लागला होता. बाकी गाव शेतीत गुंतलेलं. राहिला कोण? निवृत्ती.

"निवृत्तीदादा, येतोस का आमच्यात?" वैजूने विचारलं.

निवृत्ती लगबगीने उठला. "चपला कुठे आहेत?" तो म्हणाला.

"चपला नाही रे सांभाळायच्या. खेळायचंय!"

आता खेळायचं तर फोन कसा हवा, इथूनच तिघांचं जुळेना. शकील म्हणे जुनाच बरा, हाताला सवय असते. रंगनाथ म्हणे टॅब पाहिजे, ताटाएवढा, शत्रू मोठा दिसतो. शकील म्हणे स्क्रीनची सेन्सिटिव्हिटी एकदम कमी ठेवावी, नेम हलत नाही. रंगनाथ म्हणे एकदम जास्त, माणूस गरकन वळतो. आजवर प्रत्येक डावात दोघंही पहिल्या पाच मिनिटांत मेले होते. पण मत कोणी बदललं नव्हतं.

शकीलने दिलेल्या फोनवर खेळता खेळता निवृत्ती मान डोलावत दोघांचं ऐकत होता. तेवढ्यात घामाने त्याचं बोट स्क्रीनवर अडकलं आणि गेममधला त्याचा गडी मेला.

"अरे, हात घालण्याआधी बोटांना पावडर लावायची!" शकील म्हणाला. "मग बोट कसं सुळकन सरकतं बघ."

"बरं," निवृत्ती म्हणाला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या मालनकाकूंनी हाक मारली. "निवृत्ती, माळ्यावरची लोणच्याची बरणी तेवढी काढून दे रे."

निवृत्तीने आधी घरी जाऊन दोन्ही हातांना पावडर लावली. मग बरणीला हात घातला. बरणी सुळकन सरकली.

"मेल्या, वर्षाचं लोणचं!" काकू ओरडल्या. "हातात वस्तू घेतली की दोन्ही हातांनी छातीशी घट्ट आवळून धरायची. काही झालं तरी सोडायची नाही!"

"बरं, काकू. आता तसंच करतो."

संध्याकाळी सराव सुरू झाला. निवृत्तीने फोन हातात घेतला आणि दोन्ही हातांनी छातीशी घट्ट आवळून धरला.

"दादा, तुझा गडी नदीत चाललाय!" वैजू ओरडली. "स्क्रीनकडे बघ ना!"

"कसा बघू? सोडायचा नाहीये."

गडी बुडाला. तासभर छातीशी राहून फोन मात्र तव्यासारखा गरम झाला. रंगनाथने तो हिसकावून घेतला. "गरम झालं की वरचं कव्हर काढायचं, पंख्याखाली ठेवायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. समजलं?"

"समजलं."

सकाळी काशीबाई देवळात निघाली. जाताना म्हणाली, "चुलीवर दूध आहे, उतू जायच्या आत उतरव. नीट लक्ष दे."

निवृत्तीने नीट लक्ष दिलं. दूध गरम झालं. त्याने पातेलं उतरवलं, वरचं झाकण काढलं, पातेलं पंख्याखाली ठेवलं आणि हाताची घडी घालून समोर बसला. दूध निवलं तशी मांजर आली. तिने सावकाश सगळं दूध संपवलं, मिश्या पुसल्या आणि गेली. काशीबाई आली तेव्हा निवृत्ती घड्याळाकडे बघत होता.

"अजून चार मिनिटं आहेत, आई. हात लावू नकोस."

काशीबाईने कपाळावर हात मारला. "अरे देवा! बघत काय बसलास? कोणी भांड्यात तोंड घालताना दिसलं की विचार नाही करायचा. काठी घ्यायची आणि हाणायची!"

"बरं, आई."

त्या दिवशी सरावात वैजूला मोठी पेटी सापडली. आत बंदुका, गोळ्या, मलमपट्ट्या. ती वाकून पेटीत बघू लागली. निवृत्तीने पाहिलं. विचार नाही केला. गेममधली काठी घेतली आणि तिला हाणली. वैजू मेली.

"दादा!" ती खुर्चीवरून उठून ओरडली. "मी आपल्यातली आहे! डोक्यावर हिरवं नाव दिसत नाही का? हिरवं दिसलं की आपला माणूस. त्याला हाणायचं नाही. गुपचूप त्याच्या मागे चालायचं. तो थांबला की थांबायचं. तोंडातून शब्द काढायचा नाही, शत्रूला ऐकू जातं."

"चुकलं," निवृत्ती म्हणाला. त्याला फार वाईट वाटलं. स्पर्धेला दोनच दिवस उरले होते, आणि शकील हळूच म्हणत होता की याच्यापेक्षा तिघंच खेळलेलं बरं. पण नियम चौघांचा होता.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी एसटीतून एक म्हातारे गृहस्थ उतरले. हातात लाडवांचा डबा. डोक्याला हिरवा फेटा.

"काय हो, काशीबाईंचं घर कुठे आलं?" त्यांनी निवृत्तीला विचारलं.

निवृत्तीने फेटा पाहिला. आपला माणूस. तोंडातून शब्द काढला नाही. गृहस्थ पुढे निघाले, निवृत्ती मागे. ते थांबले, निवृत्ती थांबला. त्यांनी वळून विचारलं, "काय पाहिजे?" निवृत्तीने ओठांवर बोट ठेवलं. गृहस्थ भरभर चालू लागले. निवृत्तीही भरभर. गावाला तीन फेरे झाले. शेवटी गृहस्थांनी फेटा सावरला, डबा काखोटीला मारला आणि सुटणारी एसटी पळत पळत धरली.

संध्याकाळी काशीबाईला माहेराहून, टाकळीहून फोन आला. ती रडायलाच बसली. "अरे, माझा बाळूदादा होता तो! रुसवा सोडून अकरा वर्षांनी आला होता बहिणीकडे! आणि तू त्याला घोटभर पाणीही नाही विचारलंस?"

"हिरवा होता गं."

"हिरवा असो नाहीतर पिवळा असो! नीट ऐक. दारात कोणीही आलं, अगदी वैरी आला, तरी 'या, बसा' म्हणायचं. पाणी द्यायचं. घरात असेल नसेल ते पुढे ठेवायचं. आणि निघाला की वेशीपर्यंत पोचवून यायचं. हे विसरलास तर माझा लेक म्हणू नकोस स्वतःला."

"नाही विसरणार, आई. तुझी शपथ."

उरुसाचा दिवस. शाळेच्या मैदानावर सगळं गाव. अंतिम सामना शेवरी आणि सांगवीचा. सांगवीचा मुरली म्हणजे पंचक्रोशीत नाव असलेला नेमबाज. गेममध्ये एक मोठं वर्तुळ असतं, ते लहान लहान होत जातं. वर्तुळाबाहेर जो राहील त्याचा जीव आपोआप कमी होतो आणि तो मरतो.

"दादा," वैजू म्हणाली, "तू एक कर. समोरच्या झोपडीत जाऊन बस. हलू नकोस."

निवृत्ती बसला. बाहेर धुमश्चक्री उडाली. नेम न हलणारा शकील मेला. गरकन वळणारा रंगनाथ वळता वळता मेला. वैजूने सांगवीच्या तिघांना लोळवलं आणि मुरलीच्या गोळीने तीही पडली. राहिले दोघं. झोपडीत निवृत्ती, ठणठणीत, जवळ वैजूने दिलेली बंदूक आणि पिशवीभर मलमपट्ट्या. बाहेर मुरली, जीव सुताएवढा, गोळ्या संपलेल्या. लपायला तो नेमका त्याच झोपडीच्या दारात आला.

मैदान उभं राहिलं. "मार! निवृत्ती, मार!" काशीबाईही ओरडत होती, "मार रे बाळा!" पण निवृत्तीच्या कानांवर हेडफोन होता.

त्याने माइक चालू केला. "या, बसा," तो म्हणाला. "पाणी घेता?"

मुरली दचकला. खरंच खाली बसला. निवृत्तीने पाण्याची बाटली त्याच्यापुढे टाकली. मग मलमपट्ट्या. मग गोळ्या. शेवटी घरात राहिलेली एकच वस्तू, बंदूक. मुरली प्यायला, पट्ट्या बांधल्या, एकदम टवटवीत झाला. बंदूक उचलली, निवृत्तीवर रोखली.

"मार की!" सांगवीची माणसं ओरडली.

मुरलीने बंदूक खाली केली. "कसा मारू?" तो रडकुंडीला आला. "पाणी प्यालोय ना त्यांच्या घरचं!"

दोघं झोपडीत समोरासमोर बसून राहिले. वर्तुळ आवळत आवळत झोपडीभोवती आलं.

"मग येऊ का मी?" मुरलीला दुसरं काही सुचेना.

"एवढ्यात? बरं, चला. वेशीपर्यंत येतो."

आणि शेवरी गावाच्या डोळ्यांदेखत निवृत्ती उठला, पाहुण्याला घेऊन झोपडीबाहेर पडला आणि वर्तुळाच्या बाहेर सावकाश चालू लागला. दोघांचाही जीव कमी कमी होऊ लागला. मुरलीने वाटेत पट्टी बांधली. निवृत्तीकडे पट्टी कुठली? गेममधल्या गावाच्या वेशीच्या दगडाशी तो पडला. मुरली त्यानंतर सहा सेकंदांनी. ढाल सांगवीला गेली.

शकीलने डोकं धरलं. रंगनाथ खुर्ची उलटी करून बसला. वैजू धावत निवृत्तीपाशी आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "दादा, काय केलंस हे?"

निवृत्तीने हेडफोन काढला, वळला आणि गर्दीतल्या आईकडे बघून मोठ्या समाधानाने विचारलं,

"आई, पाहुणे नीट पोचले ना गं?"