दाईच्या दारावरची घसरगुंडी

एक होता राजा. नाव विजयभान. त्याचं नगर म्हणजे नुसती भट्टी! पौषातसुद्धा लोक ताक पिऊन अंगणात झोपायचे. शाल होती ती एकट्या राजाकडे, तीही मिरवायला. आणि दारं? दारं होती घरोघर, पण लावतंय कोण? चोर नाही, थंडी नाही. बायका ती काढून त्यांच्यावर पापड वाळवायच्या. चिंगे, हसू नकोस, खरंच सांगतेय.

एकदा काय झालं, सकाळी उठून बघतात तर सगळं पांढरं! आभाळात बसून कुणी खोबरं किसतंय की काय, असा बर्फ पडत होता. कुणी जन्मात पाहिला नव्हता. राजाने दवंडी पिटली, आज सगळ्यांना सुट्टी!

मग काय विचारता! आधी सगळ्यांनी बर्फावर कोकमाचं सरबत ओतून खाल्लं. मग बर्फाचे गोळे मारले. प्रधानाची पगडी उडाली, म्हातारा लहान पोरासारखा खिदळला. मग कुणाला तरी टेकडी दिसली. घसरायला फळी हवी. कुणीतरी ओरडलं, "अरे, दारं आहेत की!" आणि धावली सगळी आपापली दारं आणायला.

राजवाड्याचं दार अवजड, ते कसलं घसरतंय? राजा गेला थेट हौसाईकडे. हौसाई म्हणजे त्याची दाई बरं का, तिनेच त्याला लहानाचा मोठा केलेला. तिचं दार सागवानी, दर दसऱ्याला तेल पाजून गुळगुळीत केलेलं.

हौसाई म्हणाली, "ने बाबा. पण दिवे लागायच्या आत आणून दे हो. घरात तान्ही नात आहे, अजून बारसंही व्हायचंय तिचं."

"हो गं आई, आणतो की!" राजा म्हणाला आणि पळाला.

दिवसभर घसरला बघा. शेवटच्या खेपेला दार धोंड्यावर आपटलं, काड्‌कन दोन तुकडे! राजाने काय करावं? हसला. तोवर संध्याकाळ झाली, झोंबरा वारा सुटला. लोकांनी आपापली दारं डोक्यावर घेतली आणि घरं गाठली. राजाने कधी ओझं उचललंय? तुकडे तिथेच टाकून गेला.

वाड्यात गरम पेज प्यायला, शाल ओढली. शिपायाने राजवाड्याचं दार लोटलं. ते करकरलं मात्र, राजा ताडकन उठला. हौसाईचं दार!

धावला तसाच अनवाणी. तुकडे डोक्यावर घेतले आणि तिच्या घरी गेला. हाक मारायला तोंड उघडेना, कडी वाजवायला दार नव्हतं. बघतो तर काय, हौसाई वाऱ्याकडे पाठ करून उंबऱ्यात बसलेली. पदराखाली नात. पाठीवर बर्फ साचलेला.

न वळताच ती म्हणाली, "आलास? मजा आली ना रे बाळा?"

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. राजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणी दुभंगेल तर आत जाईन, असं वाटलं.

"आई," तो म्हणाला, "दार मोडलं. आणि मी विसरलो. तुझं दार, ही तान्ही, सगळं विसरलो."

राजाने शाल काढली, दोघींभोवती गुंडाळली, तिला आत चुलीपाशी बसवलं. मग स्वतः उंबऱ्यात बसला, पाठ बाहेर करून. वारा पाठीला झोंबत होता, पण त्याहून जास्त झोंबत होतं ते हौसाईचं न रागावणं. एकदाही त्याने मान वर केली नाही. आत तान्हीला ऊब आली, ती चुळबुळली, शिंकली आणि भोकाड पसरलं. ते ऐकून राजाही मुसमुसून रडला.

उजाडलं, ऊन पडलं, बर्फ विरघळला. राजाने राजवाड्याचं दार उतरवलं, सुताराकडून कापून घेतलं आणि स्वतःच्या डोक्यावरून नेऊन हौसाईच्या चौकटीत बसवलं.

बारशाला तो सगळ्यांच्या मागे, चपलांपाशी बसला. हौसाईनेच हाताला धरून पुढे आणला, नात मांडीवर दिली आणि म्हणाली, "धर नीट. दार मोडलंस, पण पाठ भक्कम आहे हो तुझी."

प्रधान म्हणाला, "महाराज, वाड्याला नवं दार करू या."

राजा म्हणाला, "नको. येऊ दे वारा. मला आठवण राहायला हवी."

मग ती तान्ही मोठी झाली, हौसाईने पणतू बघितला, सगळी सुखाने नांदली. वाड्याला मात्र दार नाही ते नाहीच.

चला, पाय आत घ्या. चिंगे, ऊठ, तेवढं दार लोटून ये. आणि थांब, आधी बाहेर कुणी राहिलंय का बघ, मग लोट.